काडेपेटी कुणाकडे

एप्रिल सरता सरता जयपुरात घरोघरी कूलरच्या टाक्या धुतल्या जातात. जवाहर नगरातल्या या घरातही निनादने रविवारी येऊन टाकी धुतली, पंप चालतो का पाहिलं, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या आणि जाताना आईला सांगितलं, की आता खुशाल लाव. सोमवारी दुपारी जयंतीने बटण दाबलं. कूलर जेमतेम घरघरला असेल, तोच तिचा नवरा विलास जेवणाच्या टेबलापासून असा धावत आला, की तिला वाटलं कुठेतरी ठिणगी उडाली. त्याने बटण बंद केलं.

"डोप पांढरं पडेल," तो म्हणाला.

मग तो परत टेबलाकडे गेला. टेबलावर त्याचा धाकटा भाऊ संभाजी वाकून उभा होता आणि त्याने मानसुद्धा वर केली नव्हती.

टेबलावर एक दार होतं. मागच्या खोलीचं. दोघा भावांनी ते बिजागऱ्यांतून काढून आणलं होतं, कारण घरात तेवढी एकच वस्तू लांब, जड आणि खरोखर सपाट होती. दारावर मेणकागद, मेणकागदावर ग्लायडरचा पंख. बाल्साच्या लाकडाच्या पातळ बरगड्या, त्यांवर चिकटवलेला पिवळा टिश्यू कागद आणि त्यावर डोप. डोप म्हणजे कागद ताणून घट्ट करणारं एक पातळ रोगण. त्याला नखांच्या पॉलिशसारखा वास होता आणि तो वास आता पोळ्यांनाही येत होता. वाळताना कागद आकसतो आणि पंखाला पीळ पडतो, म्हणून पंखाच्या कडांवर वजनं ठेवली होती. एका बाजूला जयंतीचा वरवंटा. दुसऱ्या बाजूला मुगाच्या डाळीच्या चार पुरचुंड्या. त्या संभाजीने स्वतः, फार सुबक टाके घालून शिवल्या होत्या.

जेवण गेले काही दिवस दिवाणावर बसून, ताट मांडीवर घेऊन चालू होतं.

जयंतीला चूक कुठे झाली ते नेमकं माहीत होतं. संभाजीला कऱ्हाडहून तिनेच बोलावलं होतं.

तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया मेच्या मध्याला ठरली होती. त्यानंतर बरेच महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि झोपायच्या दोन्ही खोल्या वर होत्या. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि मागची खोली. त्या खोलीला लागून न्हाणीघर बांधून घ्यायचं, तिथे पलंग टाकायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं. निनादने मालवीय नगरच्या त्याच्या फ्लॅटवर यायला सांगितलं होतं, तिथे लिफ्ट होती. पण तिला स्वतःच्या घरात बरं व्हायचं होतं. आणि विलासने निनादचा प्रस्ताव ज्या तत्परतेने उचलून धरला, त्यानंतर तर तिने तो विषयच बंद केला.

मागच्या खोलीत दोघा भावांचं लहानपण ठेवलेलं होतं. अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, विमा कंपनीच्या नोकरीत बदली होऊन आल्यावर हे घर बांधलं आणि मुलांना ती खोली दिली. सासूबाई, इंदुबाई, तिला शेवटपर्यंत 'पोरांची खोली' म्हणायच्या. पोरं आता सत्तरीच्या आसपास होती. नकाशांच्या गुंडाळ्या, रंगांच्या वाळून दगड झालेल्या बाटल्या, अर्धवट पंख. जयंतीने कधीही खोलीचा विषय काढला, की विलास म्हणायचा, त्यात संभाच्याही वस्तू आहेत, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि विचारायचा मात्र नाही. दोघांचं वैर नव्हतं. सणाला फोन व्हायचे, गेल्या वर्षी संभाजीच्या मुलाचं, पृथ्वीराजचं, लग्न झालं तेव्हा सगळे जाऊन आले होते. फक्त एकमेकांना काही विचारायची त्यांना सवय नव्हती.

म्हणून तिने विचारलं. संभाजी म्हणाला, "वहिनी, अहो मग टाका की सगळं. मी येतो, दादाला समजावतो." तो आला, दोघे खोलीत शिरले आणि माळ्यावरून एक खोका घेऊन बाहेर आले. अण्णांनी कलकत्त्याहून पोस्टाने दोन किट मागवले होते. पहिला दोघा भावांनी बांधला, तो हरवला आणि कुणामुळे हरवला यावरून दोघांचं जुंपलं. दुसरा अण्णांनी माळ्यावर टाकला आणि सांगितलं, भांडण मिटेल तेव्हा काढा. खोका तसाच बंद होता. विलासने झाकण उघडून लाकडाचा वास घेतला आणि मग तो संभाजीच्या नाकापुढे धरला.

"हा एकच राहिलाय," त्या संध्याकाळी विलास जयंतीला म्हणाला. "हा बांधला, उडाला, की खोली तुझी. संभासमोर सांगतो."

संभाजीने मान डोलावली. समजवायला आलेला माणूस साक्षीदार झाला होता.

*

निनादची बायको प्रणाली कॉलेजातून परस्पर आली, तेव्हा सासूबाई जिना उतरत होत्या. त्या उलट्या उतरायच्या. तोंड जिन्याकडे, दोन्ही हात कठड्यावर, एक पाऊल खाली, दुसरं त्याच्याशेजारी. प्रणालीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला धस्स झालं होतं. सासऱ्यांना त्यात काही वाटत नसे. ती अशीच उतरते, ते म्हणायचे, जणू हा एखाद्याच्या अक्षराच्या वळणाचा प्रश्न आहे.

बैठकीत पंखा गरम हवा ढवळत होता. जयंतीने खाली पोचल्यावर श्वास घेतला आणि प्रणालीला सरळ टेबलापाशी नेलं.

"तू केमिस्ट्री शिकवतेस," ती म्हणाली. "यांना सांग, कूलरचा आणि याचा काही संबंध नाही."

विलासने डब्याचं लेबल तिच्यापुढे धरलं. प्रणालीने ते वाचलं. मग, तिची सवयच होती म्हणून, तिने विचार केला. पातळ द्रव भराभर उडून जातो, उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत दमटपणा असेल तर त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं. पाण्याने रोगण फाटतं आणि पांढरे डाग पडतात. कूलर तर खोलीत ओलीच हवा सोडतो.

"आई," ती म्हणाली, "ते बरोबर सांगतायत."

जयंतीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्या दुकानात इतकी वर्षं जावं आणि तिथेही माप कमी निघावं, तशी ती नजर होती. मग ती स्वयंपाकघरात गेली. जे सांगितलं ते खरं होतं आणि सांगायला नको होतं, हे प्रणालीच्या लक्षात आलं, पण वाक्य बोलून झालं होतं.

विलास खुश झाला. संभाजीने तर तिला लगेच कामालाच लावलं. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, मिळेल का, त्याने विचारलं. वातीसाठी.

ही वात कशासाठी, ते दोघांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली, त्यामुळे समजायला वेळ लागला. या ग्लायडरला इंजिन नसतं. लांब दोराने पतंगासारखा ओढून वर चढवायचा आणि सोडायचा. तो घिरट्या घालत खाली येतो. पण तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत असेल, आणि जयपुरात ती चढतेच, तर तो खाली येतच नाही. घारीसारखा वर वर जातो आणि दिसेनासा होतो. म्हणून शेपटीशी एक वात बांधायची आणि सोडण्यापूर्वी पेटवायची. ती सावकाश जळत रबरापर्यंत पोचते, रबर तुटतं, शेपटी टुणकन वर उचलली जाते आणि विमान तरंगत खाली बसतं.

"आणि पहिल्याची वात?" प्रणालीने विचारलं.

विलास म्हणाला, "काडेपेटी याच्या खिशात होती."

"विमान याच्या हातात होतं," संभाजी म्हणाला.

"दोन्ही हातांत होतं. वात पेटवायला तिसरा हात कुठून आणू?"

"मागायची होतीस."

"तू दोर घेऊन माळाच्या त्या टोकाला. मागू कशी? ओरडून?"

"तू म्हणालास, झालं. मी पळालो."

"मी म्हणालो, माझं झालं."

हे संवाद पाठ असल्यासारखे आले. स्वयंपाकघरातून जयंतीचा आवाज आला, की आता अण्णांनी दोघांना सायकलवर चाकसूपर्यंत शोधायला पाठवलं तेही सांगून टाका, म्हणजे दिवाळीला पुन्हा नको. विलासने तेही सांगितलं. तेव्हा मालवीय नगर म्हणजे उघडं माळरान होतं. निनादचा फ्लॅट आज जिथे उभा आहे, त्याच्या आसपासच कुठेतरी ते उभे होते.

प्रणालीने दुसऱ्या दिवशी वात करून आणली. सुती दोरी सोऱ्याच्या पाण्यात भिजवून, वाळवून, तिचा एक तुकडा घरच्या ओट्यावर जाळून तिने वेग मोजला होता आणि दोरीवर पेन्सिलीने खूण केली होती. ती स्वतःला सांगत होती, की हे लवकर संपेल तितकं आईंसाठी बरं.

जयंतीने ती खूण पाहिली. "तू पण," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

*

निनादने सुट्टीचा शनिवार दिला होता. त्याच्या अटी दोनच होत्या. विमानतळाच्या आसपास काहीही उडवायचं नाही, थेट चाकसूच्याही पुढे जायचं. आणि आई सोबत येणार, कारण 'उडाला की खोली तुझी' हे वचन होतं, आणि ते उडताना तिने स्वतः पाहिलेलं बरं. बँकेत काम करून त्याला साक्षीपुराव्याचं महत्त्व कळलं होतं.

टोंक रोडवर बाबांची जुनी गाडी पुढे आणि त्याची मागे. पंख मागच्या सीटवर आडवा ठेवला होता, संभाजीकाका शेजारी बसून तो सांभाळत होते. वाऱ्याने कागद फाटू नये म्हणून काचा बंद, थंड झोत लागू नये म्हणून एसी बंद. गाडी बैलगाडीच्या गतीने चालली होती आणि चारही दिवे लुकलुकत होते. मागून येणारे ट्रक भोंगे वाजवत, निनादच्या गाडीला वळसा घालत, आणि ओलांडताना त्याच्याकडे असं बघत, की जणू ही सगळी त्याचीच कल्पना.

"मतलब, हे दोघं आत उकडून मरतील," तो म्हणाला.

"नाही मरत," पुढच्या सीटवरून जयंती म्हणाली. तिने पाय लांब करून ठेवले होते. "मला आठवडा झाला."

मागे बसलेली प्रणाली खिडकीबाहेर पाहत राहिली.

पहाटेची गार, स्थिर हवा गाठायची म्हणून सगळ्यांना अंधारात उठवलं होतं. मग वाटेत काकांना कचोरी आठवली. कढई नुकतीच चढली होती, म्हणून थांबावं लागलं. शेतावर पोचेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं होतं आणि दोन घारी आकाशात गोल फिरत होत्या. गव्हाची कापणी होऊन गेलेली, नुसती खुंटं उरलेली. मोटरसायकलवरून जाणारा एकजण थांबला आणि ड्रोन आहे का, असं विचारू लागला. विलासने त्याला सांगितलं, "ग्लाइडर है, भैया. इंजन ही नहीं है." तो माणूस इंजिन नसलेलं काही उडवायला इतकी माणसं का लागतात, अशा चेहऱ्याने निघून गेला.

निनादने आईसाठी घडीची खुर्ची मांडली. आधी विलासने ग्लायडर नुसता हाताने सोडून पाहिला.

निनादला हे कबूल करायची इच्छा नव्हती, पण ते सुंदर होतं. पिवळा पंख उन्हात आरपार दिसत होता, आतली एकेक बरगडी मोजता यावी असा. तो हातातून सुटला आणि आवाज न करता, खुंटांवरून, सपाट, लांबवर गेला आणि टेकला. काकांनी विलासच्या पाठीवर थाप मारली. त्यांना उत्साहाचं भरतं आलं. दादा, ते म्हणाले, मी दिवाळीत येतो, मोठा बांधू. त्या मोठ्याचा नकाशा आहे खोलीत. लाकूड मागवू, खोलीत तुझं ते जुनं टेबल परत लावू.

"खोली आहेच," विलास म्हणाला.

निनादला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "बाबा, आईचं ऑपरेशन आहे ना."

"ते काय, दिवाळीनंतर होईल. आता उन्हाळ्यात कशाला? उन्हाळ्यात जखमा चिघळतात." विलास पंखाची कड बोटाने तपासत होता. "आणि चालतेय की ती."

निनादने आईकडे पाहिलं. ती खुर्चीत सरळ बसली होती. तिने ऐकलं होतं. आता बोलायला हवं, हे त्याला कळत होतं, आणि काय बोलायचं तेही. पण बाबांनी ग्लायडर हातात घेतला होता आणि काकांनी निनादच्या हातात दोराचं रीळ दिलं होतं. वाऱ्याच्या तोंडाला धावायचं, मागे बघत धावायचं, वर चढला की थांबायचं, दोर ढिला सोडायचा, कडी आपोआप निसटते. पंचेचाळिशीच्या माणसाला खुंटांतून मागे बघत धावायला सांगत होते. त्याने चिडून बुटांच्या नाड्या आवळल्या आणि तो दोर सोडत चालू लागला. बोलणं राहिलं. ते तसंच राहतं, हे त्याच्या घरात त्याने पुष्कळदा पाहिलं होतं, आणि दर वेळी तो स्वतः त्या वेळी काहीतरी धरून उभा असे.

*

काडेपेटी जयंतीकडे द्यायची, हे संभाजीने आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं. म्हणजे या वेळी भांडणच नको. दादाच्या हातात विमान, निनादच्या हातात दोर, माझं लक्ष वाऱ्याकडे आणि काडेपेटी वहिनींकडे. या वाटणीवर दोघे भाऊ इतके समाधानी होते, की ती त्यांनी दोनदा म्हणून दाखवली.

प्रणाली जयंतीच्या खुर्चीमागे उभी होती. निनाद दूर पोचला आणि त्याने हात वर केला. विलासने ग्लायडर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. तो आता फक्त वर बघत होता. संभाजीने रुमाल हवेत धरून वारा पाहिला, मग घारींकडे पाहिलं.

जयंती खुर्चीच्या हातावर भार देऊन उठली आणि दोन पावलं चालून विलासच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हातात काडेपेटी होती.

"सगळं झालं?" संभाजीने विचारलं.

"झालं," विलास म्हणाला.

शेपटीला बांधलेली वात प्रणालीला तिथून स्पष्ट दिसत होती. तिची स्वतःची पेन्सिलीची खूणही. धूर नव्हता. टोक पांढरंच होतं. तिने तोंड उघडलं.

जयंतीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तशीच, कूलरच्या दिवशीसारखी. काडेपेटीवरची बोटं मिटलेली होती.

वात पेटलेली नाही, हे एक साधं निरीक्षण होतं. ते कुणीही पडताळून पाहू शकलं असतं. प्रणालीने तोंड मिटलं.

"पळ," संभाजी ओरडला. निनाद पळाला. दोर ताणला गेला, विलासने हात उघडले आणि ग्लायडर डोक्यावरून सरळ वर चढला, वर, आणखी वर, निनाद थांबला, दोर ढिला पडला आणि कडी निसटली. पंख एका बाजूला कलला. पहिली घिरटी शेतावरच झाली. दुसरी थोडी पलीकडे, घारींच्या खाली. तिसऱ्या वेळी तो घारींच्या बरोबरीने होता, आणि एक घार त्याला बघून बाजूला झाली.

"धरलं त्याने," विलास म्हणाला. त्याचा आवाज फार लहान झाला होता. "संभा, हवा धरली त्याने."

दोघे मान मागे टाकून बघत राहिले. बऱ्याच वेळाने संभाजी म्हणाला, "आता यायला हवं होतं खाली." आणि मग, अजूनही वर बघत, "दादा, पेटवलीस ना?"

"मी? माझ्या हातात विमान होतं."

"मग वहिनींनी."

दोघे जयंतीकडे वळले. तिने मूठ उघडून दाखवली.

"माझ्याकडेच आहे," ती म्हणाली. "कुणी मागितलीच नाही."

निनाद धापा टाकत परत येत होता आणि काय झालं, म्हणून विचारत होता. विलास काडेपेटीकडे बघत होता. काहीतरी म्हणायला त्याने ओठ उघडले. पण जे म्हणता आलं असतं ते सगळं त्यानेच इतकी वर्षं, दर दिवाळीला, दुसऱ्या कुणाला तरी म्हणून झालं होतं. संभाजी आधी हसू लागला. तो हसता हसता खुंटांत बसलाच. मग विलासही हसला, डोळे पुसत, पुन्हा वर बघत. पिवळा ठिपका आता नसल्यासारखाच होता.

"वारा चाकसूच्या दिशेने आहे," संभाजी म्हणाला.

"चल," विलास म्हणाला.

जयंतीची समजूत अशी होती, की ते हळहळतील. निदान थोडा वेळ. दोघे गाडीकडे जवळजवळ धावत गेले, काचा उघड्या, एसी चालू, आणि धुळीचा लोट उडवत निघून गेले. घडीची खुर्ची, पाण्याचा जार, रीळ, सगळं तिथेच टाकून.

*

घरी आल्यावर जयंतीने आधी कूलर लावला. वाळ्याचा ओला वास बैठकभर पसरला आणि त्याखाली डोपचा वास विरत गेला. मग ती मागच्या खोलीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली. दार नव्हतंच, उघडायचा प्रश्न नव्हता.

"घे बाहेर," ती निनादला म्हणाली.

निनादने एकदाच विचारलं, की बाबांना फोन करायचा का. तिने सांगितलं, कर, पण काम थांबवू नकोस. काहीही टाकायचं नाही. नकाशे, लाकूड, बाटल्या, सगळं खोक्यांत नीट भर आणि वर नेऊन ठेव, त्यांच्या खोलीत. ते जिना चढू शकतात. प्रणाली खोक्यांना दोरी बांधत होती. जयंतीने मध्येच उठून तिच्यासाठी कोकमाचं सरबत केलं आणि तिच्या हाताशी ठेवलं. मग ती निनादला म्हणाली, की सुताराला सांग, दार परत बसवताना बाहेर उघडेल असं बसव. वॉकर घेऊन आत जाताना दार अंगावर येता कामा नये.

दुपारी विलासचा फोन आला. चाकसूला एका चहावाल्याने पिवळं काहीतरी जाताना पाहिलं होतं. पतंग असेल, असं संभाजीचं म्हणणं होतं. पण विलासला वाटत होतं, आणखी थोडं पुढे जाऊन बघावं. यायला उशीर होईल. जेवायला काही साधंच कर.

"जयंती," तो म्हणाला, "फार छान उडालं गं."

"हो. पाहिलं मी." तिने खोलीकडे नजर टाकली. भिंतीवर नकाशाच्या जागी एक फिकट चौकोन उरला होता. पलंग तिथे येणार होता. "खोली रिकामी करतेय. तुम्हीच म्हणाला होतात, उडालं की."

पलीकडे एक ट्रक गेला. संभाजी मागे कुणालातरी हिंदीत पंखांची लांबी हात पसरून सांगत असावा.

"उडालं," विलास म्हणाला. मग म्हणाला, "नकाशे दुमडू नकोस."

"गुंडाळूनच ठेवलेत."

फोन ठेवून तिने टेबलावरच्या डाळीच्या पुरचुंड्या उचलल्या. दोन कात्रीने उसवल्या. टाके खरंच सुबक होते. डाळ धुऊन, तांदूळ धुऊन, तिने खिचडीचं पातेलं शेगडीवर ठेवलं. लायटर ओट्यावर, नेहमीच्या जागी होता. तिने खिशातली काडेपेटी काढली, काडी ओढली, ज्योत नीट धरेपर्यंत थांबली आणि मग बर्नर पेटवला.